इंग्रजी वाक्यांतील जोडशब्द : लहान शब्द, मोठी जबाबदारी

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा झाली आणि शासकीय कचेऱ्यांतील टिप्पण्या, आदेश, परिपत्रके व पत्रव्यवहार उत्तरोत्तर मराठीतून होऊ लागला. तथापि, त्यामुळे शासकीय कर्मचाऱ्याचा इंग्रजीशी असलेला संबंध संपलेला नाही. केंद्र शासनाचे अधिनियम व नियम, योजनांच्या मार्गदर्शक सूचना, उच्च न्यायालयाचे निर्णय हे सारे बहुधा इंग्रजीतूनच हाती येते. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार, संसद अन्यथा तरतूद करीपर्यंत, अधिनियमांचे प्राधिकृत पाठ इंग्रजीत असावयाचे आहेत. राज्य विधानमंडळाने आपल्या कायद्यांसाठी दुसरी भाषा विहित केली, तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हाच त्या कायद्याचा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. दुसरीकडे, २००० सालापासून राज्यातील शाळांत इंग्रजी विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जात आहे. म्हणजे कार्यालयातील अधिकारी, पंचायतीतील सदस्य आणि खेड्यातील प्राथमिक शिक्षक या तिघांनाही इंग्रजी वाक्य नीट वाचता येणे ही कामाची गरज झाली आहे.

इंग्रजी वाचताना अडचण आली की, आपण शब्दकोशाकडे वळतो. अवघड नामे आणि क्रियापदे तेथे सापडतात. परंतु वाक्याचा अर्थ अनेकदा अडतो, तो अवघड शब्दांपाशी नव्हे. तो अडतो 'अँड', 'ऑर', 'बट', 'इफ', 'अनलेस' अशा, ज्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे आपण गृहीत धरलेले असते, त्या शब्दांपाशी. हे शब्द दोन वस्तू किंवा दोन विचार जोडतात, आणि जोडताना त्या दोहोंतील नाते ठरवितात. शासनव्यवहारात एखाद्याचा हक्क, एखाद्याची पात्रता, एखाद्याची शिक्षा या नात्यावरच अवलंबून असते. म्हणून या लहान शब्दांचा थोडा बारकाईने विचार करणे अगत्याचे आहे.

जोडशब्द काय करतो?

मराठी व्याकरणात या शब्दांना उभयान्वयी अव्यये म्हणतात. उभय म्हणजे दोन आणि अन्वय म्हणजे संबंध. दोहोंचा संबंध दाखविणारे ते उभयान्वयी. नावातच कार्य सांगितलेले आहे.

दोन साधी इंग्रजी वाक्ये घेऊ. 'द वेल इज ड्राय' म्हणजे विहीर कोरडी आहे; आणि 'द टँकर कम्स डेली' म्हणजे टँकर रोज येतो. ही वाक्ये 'अँड'ने जोडली, तर दोन गोष्टींची नोंद झाली, याहून अधिक काही सांगितले जात नाही. 'बट'ने जोडली, तर पहिल्या वाक्याने निर्माण केलेली चिंता दुसरे वाक्य कमी करते : विहीर कोरडी आहे, पण टँकर रोज येतो. 'सो'ने जोडली, तर पहिली गोष्ट कारण आणि दुसरी तिचा परिणाम ठरते. आणि पहिल्या वाक्यापूर्वी 'इफ' ठेवले, तर विहीर खरोखर कोरडी आहे की नाही, हे सांगितलेच जात नाही. केवळ एक अट मांडली जाते.

विहीर तीच, टँकर तोच. परंतु वरिष्ठ कार्यालयात हा अहवाल वाचणाऱ्यापुढे चार वेगवेगळी चित्रे उभी राहतात. पहिल्याने माहिती मिळते, दुसऱ्याने दिलासा मिळतो, तिसऱ्याने स्पष्टीकरण मिळते आणि चौथ्याने केवळ एक शक्यता कळते. अहवाल लिहिणाऱ्याने जोडशब्द निवडला, त्याच क्षणी त्याने वस्तुस्थितीचा अर्थही लावलेला असतो.

दोन वर्ग

इंग्रजीतील जोडशब्दांचे मुख्यतः दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात सर्वसाधारणपणे सात शब्द गणले जातात : 'फॉर', 'अँड', 'नॉर', 'बट', 'ऑर', 'येट' आणि 'सो'. हे शब्द समान दर्जाच्या दोन घटकांना जोडतात. दोन्ही वाक्ये आपापल्या पायावर उभी असतात. दुसऱ्या वर्गात 'बिकॉज', 'इफ', 'अनलेस', 'ऑल्दो', 'व्हेन', 'अंटिल', 'दॅट' यांसारखे शब्द येतात. हे एका वाक्याला दुसऱ्याच्या आश्रयाला नेऊन ठेवतात. आश्रित वाक्य एकटे उभे राहू शकत नाही.

मराठी व्याकरण शिकविलेल्या शिक्षकांना ही मांडणी नवीन वाटणार नाही. शालेय व्याकरणातही उभयान्वयी अव्ययांचे प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक असे दोन गट केलेले असतात. पहिल्यात समुच्चय, विकल्प, न्यूनत्व व परिणाम दाखविणारी अव्यये येतात. दुसऱ्यात स्वरूप, कारण, उद्देश व संकेत दाखविणारी. 'अँड' हा समुच्चय, 'ऑर' हा विकल्प, 'बट' हे न्यूनत्व, 'सो' हा परिणाम. 'दॅट' हे स्वरूप, 'बिकॉज' हे कारण, 'इफ' हा संकेत. मातृभाषेच्या तासाला जे शिकविले, तेच इंग्रजीच्या तासाला उपयोगी पडू शकते.

या वर्गीकरणाला व्यवहारातही महत्त्व आहे. ज्या वाक्याला प्रधान स्थान मिळते, त्यावर वाचणाऱ्याचे लक्ष स्थिरावते. 'ऑल्दो द वर्क वॉज डिलेड, इट इज नाऊ कंप्लीट' या वाक्यात काम पूर्ण झाले ही मुख्य गोष्ट आहे; विलंब हा मागे सरकला आहे. हीच माहिती उलट क्रमाने मांडून 'ऑल्दो द वर्क इज नाऊ कंप्लीट, इट वॉज डिलेड' असे लिहिले की, विलंब पुढे येतो. पहिले वाक्य प्रगती अहवालात शोभेल, दुसरे खुलासा मागणाऱ्या पत्रात. दोहोंत खोटे काहीच नाही. परंतु भर कोठे द्यावयाचा, हे 'ऑल्दो' कोणत्या वाक्यापूर्वी बसविला यावरून ठरते.

मराठीची वळणे आणि इंग्रजीतील चुका

मराठी भाषकाकडून इंग्रजीत होणाऱ्या अनेक चुका अज्ञानातून होत नाहीत. त्या मातृभाषेच्या पक्क्या वळणातून होतात. मराठीत जोडशब्द पुष्कळदा जोडीने येतात : जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जोपर्यंत–तोपर्यंत. साहजिकच विद्यार्थी 'ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम' असे लिहितो. मराठीतील 'जरी' आणि 'तरी' यांना त्याने एकेक इंग्रजी शब्द दिलेला असतो. इंग्रजीत मात्र दोन वाक्यांना जोडण्यास एकच जोडशब्द पुरतो. 'ऑल्दो' ठेवला तर 'बट' गाळावा. 'बट' ठेवला तर 'ऑल्दो' गाळावा. 'बिकॉज' आणि 'सो' यांच्याबाबतही हाच नियम लागू पडतो.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. 'अनलेस' या शब्दाच्या पोटातच नकार दडलेला आहे. मराठीत आपण 'कर भरला नाही तर' असे म्हणतो, म्हणून इंग्रजीतही 'अनलेस'पुढे आणखी एक 'नॉट' येऊन बसतो. 'अनलेस द टॅक्स इज नॉट पेड, द वॉटर कनेक्शन विल बी कट' अशी सूचना फलकावर लागली, तर तिचा काटेकोर अर्थ असा होईल की, जो कर भरील त्याची नळजोडणी तोडली जाईल! अभिप्रेत अर्थाच्या नेमके उलट. तेथे 'अनलेस द टॅक्स इज पेड' किंवा 'इफ द टॅक्स इज नॉट पेड' यांपैकी एक रचना हवी. 'अंटिल'चेही तसेच. 'जोपर्यंत अहवाल येत नाही, तोपर्यंत थांबा' हे मराठी वाक्य इंग्रजीत 'वेट अंटिल द रिपोर्ट कम्स' असे होते. 'नाही' हा शब्द तेथे लागत नाही.

तिसरी गोष्ट मराठीच्या एका सामर्थ्यातून उद्भवते. 'सभा घेऊन, ठराव मंजूर करून, प्रस्ताव तयार करून तो पंचायत समितीकडे पाठविला' या वाक्यात चार क्रिया आहेत, परंतु एकही उभयान्वयी अव्यय नाही. 'ऊन' या प्रत्ययाने मराठी वाक्य कितीही लांबविता येते. इंग्रजीत या क्रिया एकाच दर्जाच्या क्रियापदांनी ओळीने मांडाव्या लागतात आणि शेवटच्या क्रियापदापूर्वी एक 'अँड' द्यावा लागतो. येथे ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी की, जोडलेले घटक एकाच घडणीचे असावेत. पहिली तीन क्रियापदे भूतकाळी असताना चौथ्या ठिकाणी एकाएकी नाम आले, तर वाक्य लंगडते.

'हाउएव्हर' हा शब्द अर्थाने 'तथापि' असला, तरी इंग्रजीत तो क्रियाविशेषण आहे, जोडशब्द नव्हे. म्हणून दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये केवळ स्वल्पविराम देऊन तो ठेवता येत नाही. त्यापूर्वी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो. 'सिन्स' या शब्दाचे दोन अर्थ होतात. पंप दुरुस्त झाल्यापासून पुरवठा सुधारला, की दुरुस्त झाल्यामुळे सुधारला, असा संशय 'सिन्स'मुळे राहू शकतो. कारणच सांगावयाचे असल्यास 'बिकॉज' वापरणे श्रेयस्कर.

मात्र 'बिकॉज'लाही एक धोका आहे. 'द मेंबर वॉज नॉट डिस्क्वॉलिफाइड बिकॉज ही वॉज ॲब्सेंट' या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. एक असा की, सदस्य गैरहजर असल्यामुळे अपात्रतेतून वाचला. दुसरा असा की, तो अपात्र ठरला खरा, पण गैरहजेरीमुळे नव्हे, अन्य कारणाने. नकारानंतर 'बिकॉज' आला की अशी संदिग्धता निर्माण होते. पहिला अर्थ हवा असेल, तर कारणाचे वाक्य आरंभी नेल्याने ती नाहीशी होते. दुसरा हवा असेल, तर दोन स्वतंत्र वाक्ये लिहिणे बरे.

'अँड' आणि 'ऑर' : पात्रतेचा प्रश्न

आता कायद्याच्या भाषेकडे वळू. संविधानाच्या अनुच्छेद ५८ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराची पात्रता सांगितली आहे : भारताचे नागरिकत्व, पूर्ण झालेली पस्तीस वर्षे, आणि लोकसभेचा सदस्य म्हणून निवडून येण्याची पात्रता. इंग्रजी पाठात या तीन खंडांपैकी फक्त शेवटच्या खंडापूर्वी 'अँड' आहे. परंतु तो एकच शब्द तिन्ही खंडांवर अंमल चालवितो. तिन्ही अटी पूर्ण व्हावयास हव्यात.

याच्याशी अनुच्छेद १२४ (३) ची तुलना करावी. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यासाठी व्यक्ती भारताची नागरिक असली पाहिजे 'अँड' तिने पुढील तिहींपैकी एक अट पुरी केलेली असली पाहिजे : उच्च न्यायालयात किमान पाच वर्षे न्यायाधीशपद, 'ऑर' उच्च न्यायालयात किमान दहा वर्षे वकिली, 'ऑर' राष्ट्रपतींच्या मते ख्यातनाम विधिवेत्ता असणे. येथे 'अँड' बाहेरच्या दाराशी उभा आहे आणि 'ऑर' आतल्या तीन खोल्यांच्या मध्ये. नागरिकत्वाला पर्याय नाही. पुढील तिहींत मात्र पर्याय आहे. खंडांची अक्षरे, त्यांची मांडणी आणि त्यांमधील जोडशब्द एकत्र वाचल्याखेरीज हे ध्यानात येत नाही.

फौजदारी कायद्यात तर एका जोडशब्दावर न्यायाधीशाचा विवेकाधिकार अवलंबून असतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेने रूढ केलेली वाक्यरचना, १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही पुढे चालू आहे. चोरीच्या पहिल्या अपराधासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, 'ऑर' द्रव्यदंड, 'ऑर' दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. म्हणजे केवळ दंड करून सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे. जबरी चोरीसाठी मात्र दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास, 'अँड' अपराधी द्रव्यदंडासही पात्र, अशी रचना आहे. तेथे कारावास टाळून केवळ दंड करण्याची वाट बंद आहे. अपराधाच्या गांभीर्यातील फरक या दोन शब्दांनी शिक्षेत उतरविला आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ७ (१) हे प्रत्येक जन माहिती अधिकाऱ्याच्या परिचयाचे आहे. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत अधिकाऱ्याने विहित शुल्क घेऊन माहिती द्यावी, अथवा कलम ८ व ९ मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखाद्या कारणास्तव अर्ज नाकारावा. इंग्रजी पाठात येथे 'आयदर–ऑर' ही जोडी योजलेली आहे. या जोडीने दोनच रस्ते मोकळे ठेवले आहेत : माहिती देणे, किंवा कारण देऊन नाकारणे. अर्ज तसाच पडू देणे हा तिसरा रस्ता या वाक्यात नाही. म्हणूनच पुढच्या पोटकलमात मुदतीत निर्णय न दिल्यास अर्ज नाकारला असे मानण्याची तरतूद केली आहे. सामान्य अर्जदाराच्या दृष्टीने 'आयदर–ऑर' ही जोडी म्हणजे त्याच्या हक्काची राखणदार आहे.

'अँड' नेहमीच 'दोन्ही' सांगतो काय?

'अँड' म्हणजे दोन्ही आणि 'ऑर' म्हणजे एक, एवढे सूत्र पाठ केले म्हणजे भागले, असे मात्र नाही. 'स्मॉल अँड मार्जिनल फार्मर्स', म्हणजे अल्प व अत्यल्प भूधारक शेतकरी, हा शब्दप्रयोग घ्या. एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी अत्यल्प भूधारक आणि एकाहून अधिक परंतु दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेला तो अल्प भूधारक. एकच शेतकरी एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही. येथे 'अँड' दोन गुण एका व्यक्तीत मागत नाही. तो दोन गटांची बेरीज करतो. याउलट, 'अ स्टुडंट हू इज पुअर अँड मेरिटोरियस' यातील 'अँड' एकाच विद्यार्थ्यात दोन्ही गुण मागतो. पहिल्या 'अँड'ने लाभार्थ्यांची संख्या वाढते, दुसऱ्याने ती घटते. योजनेची यादी तयार करताना हा भेद नजरेआड झाला, तर पात्र माणूस वगळला जातो किंवा अपात्राचा समावेश होतो.

न्यायालयांनाही हा प्रश्न सोडवावा लागला आहे. ईश्वरसिंग बिंद्रा विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९६८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयापुढे औषधांविषयीच्या १९४० च्या अधिनियमातील 'औषध' या संज्ञेची व्याख्या होती. त्या व्याख्येत अंतर्बाह्य उपयोगाच्या औषधींचा उल्लेख करून पुढे 'अँड' या शब्दाने रोगोपचारात वापरावयाच्या पदार्थांचा उल्लेख केलेला आहे. हा 'अँड' एकत्र वाचावा, की पदार्थांचा वर्ग वेगळा समजावा? संदर्भ पाहता हा 'अँड' विकल्पाच्या अर्थाने वाचला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. 'अँड' सामान्यतः समुच्चयाचा; परंतु कायद्याचा हेतू आणि संदर्भ यांची मागणी असेल, तेथे तो 'ऑर'सारखा वाचता येतो, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. अर्थात, हा अधिकार न्यायालयाचा आहे. कारकुनाने वा अधिकाऱ्याने आपल्या सोयीसाठी शब्द बदलून वाचण्याचा तो परवाना नव्हे.

नकारासोबत 'अँड' आला की गुंता अधिकच वाढतो. अमेरिकेत २०१८ च्या एका कायद्याने, आरोपीच्या नावावर पूर्वीच्या अपराधांविषयीच्या अ, ब 'अँड' क या तीन बाबी 'नसतील', तर किमान शिक्षेहून कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशांना दिली. प्रश्न असा निघाला की, तिहींपैकी एकही बाब असता कामा नये, की तिन्ही मिळून असता कामा नयेत? पहिल्या अर्थाने सवलत थोड्यांना मिळते, दुसऱ्याने पुष्कळांना. कनिष्ठ न्यायालयांत मतभेद झाले. अखेर १५ मार्च २०२४ रोजी पल्सिफर प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पहिला अर्थ मान्य केला. कायद्यात मुरलेल्या नऊ न्यायमूर्तींचे 'अँड'च्या अर्थावर एकमत होऊ शकले नाही, यावरून या शब्दाकडे किती सावधपणे पाहिले पाहिजे, हे दिसून येते. नकारार्थी सूचना लिहिताना 'यांपैकी कोणतीही एक बाब असल्यास अपात्र' किंवा 'तिन्ही बाबी एकत्र असल्यासच अपात्र' असे उघड लिहिणे हाच त्यावरील उपाय होय.

जोडशब्दाच्या शेजारचे विरामचिन्हही दुर्लक्ष करण्याजोगे नसते. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात, ज्या कामांना जादा वेळेचा वाढीव मोबदला लागू नाही अशा कामांची यादी होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते आणि 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम नव्हता. वितरण हे स्वतंत्र काम, की वितरणासाठी बांधणी करणे हे एकच काम, असा वाद एका दुग्धव्यवसाय कंपनीच्या वाहनचालकांनी उपस्थित केला. २०१७ साली अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली.

'प्रोव्हायडेड दॅट' : अट आणि अपवाद

सर्वसामान्य इंग्रजीत 'प्रोव्हायडेड दॅट' म्हणजे 'अशी अट असेल तर'. कायद्याच्या इंग्रजीत मात्र कलमाच्या शेवटी नव्या ओळीवर हे शब्द आले, म्हणजे त्या कलमाला जोडलेले परंतुक सुरू होते. मराठी अधिनियमांत त्या ठिकाणी 'परंतु' हा शब्द योजला जातो. परंतुक हे बहुधा मुख्य नियमाला अपवाद सांगते. माहितीच्या अधिकारातील ज्या कलमाचा वर उल्लेख केला, त्यालाच असे एक परंतुक आहे : मागितलेली माहिती एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी 'ऑर' स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर ती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी. येथील 'ऑर' महत्त्वाचा आहे. जीविताचा प्रश्न नसला, तरी केवळ स्वातंत्र्याचा प्रश्न असणे पुरेसे आहे. तीस दिवसांचा नियम वाचून जो थांबला आणि परंतुकापर्यंत पोहोचला नाही, त्याने निम्मेच कलम वाचले.

भारतीय न्याय संहितेतील चोरीच्या कलमालाही परंतुक जोडलेले आहे. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल 'अँड' अपराधी प्रथमच दोषी ठरला असेल, आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावयाची आहे. किमतीची अट पुरी झाली, पण पूर्वी दोषसिद्धी झालेली असेल, तर हे परंतुक लागू होत नाही. मालाच्या परतीबाबत मात्र 'किंवा' आहे. वस्तू किंवा किंमत, काहीही चालते.

वर्गात आणि कार्यालयात

शिक्षकांनी जोडशब्दांची यादी पाठ करून घेण्याऐवजी दोन वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि ती निरनिराळ्या शब्दांनी जोडून प्रत्येक वेळी अर्थ कसा पालटला, हे मुलांकडूनच मराठीत वदवून घ्यावे. पाऊस, पेरणी, बाजार, शाळा असे परिचित विषय घेतले, म्हणजे मुलांचे सारे लक्ष नात्यावर राहते. 'ऑल्दो–बट' ही जोडी किंवा 'अनलेस'पुढील 'नॉट' चुकला, तर केवळ लाल रेघ न ओढता मराठी वाक्य शेजारी लिहून चूक कोठून आली, हे दाखवावे. ज्या चुकीचे मूळ कळले, ती पुन्हा होण्याचा संभव कमी.

इंग्रजी नियम वा मार्गदर्शक सूचना वाचताना अधिकाऱ्यांनी व सदस्यांनी एक साधी रीत पाळावी. प्रथम कलमातील सर्व जोडशब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. मग प्रत्येक अट स्वतंत्र ओळीवर लिहून तिच्यापुढे 'ही हवीच' किंवा 'यांपैकी एक' अशी नोंद करावी. त्यानंतर 'अनलेस', 'एक्सेप्ट' आणि 'प्रोव्हायडेड दॅट' यांनी सुरू होणारे अपवाद वेगळे काढावेत. अखेरीस एखादे खरे प्रकरण घेऊन ते या यादीवर तपासून पाहावे. जे कलम आधी भिंतीसारखे वाटत होते, त्यातील दारे व खिडक्या या रीतीने दिसू लागतात.

ग्रामसभेचा ठराव, सूचनाफलकावरील नोटीस किंवा लाभार्थ्यांची यादी मराठीत लिहिताना हीच दक्षता उपयोगी पडते. 'आणि/किंवा' अशी तिरपी रेघ इंग्रजी मसुद्यांच्या अनुकरणाने मराठीतही शिरली आहे. तिच्याऐवजी 'अ किंवा ब किंवा दोन्ही' असे लिहिल्यास चार अक्षरे अधिक पडतात, पण तंटा टळतो. विधवा 'व' भूमिहीन महिला असे लिहिताना दोन गट अभिप्रेत आहेत, की विधवा असून शिवाय भूमिहीन असलेली महिला, हे ठरवून तसे स्पष्ट शब्दांत मांडावे. ठराव लिहिणाऱ्याच्या मनात जे स्पष्ट असते, ते वाचणाऱ्यापर्यंत केवळ शब्दांवाटेच पोहोचते.

एखादी वृद्ध स्त्री अर्ज घेऊन कचेरीत येते, तेव्हा ती कलमाचे इंग्रजी वाचू शकत नाही. ते तिच्यासाठी दुसरा कोणीतरी वाचतो. त्याने 'ऑर'चा 'अँड' करून वाचला, तर एक कागद पुरेसा असताना तिला दोन कागदांसाठी दोन खेटे घालावे लागतात. आणि आपले काय चुकले, हे तिला कधीच कळत नाही. वाचणाऱ्याच्या हाती असलेले हे बळ ध्यानात घेतले, म्हणजे जोडशब्दांचा अभ्यास हा केवळ भाषेच्या पुस्तकातील एक धडा न राहता लोकसेवेचा भाग ठरतो.